सदाशिव पेठेतल्या गच्चीवरचा दुष्काळ

दुष्काळ पाडायला निसर्गाला दोन-तीन वर्षं तरी लागतात. मी तो सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, एका हिवाळ्यात पाडून दाखवणार होते. तसं मी लेखी कबूल केलं होतं आणि त्याखाली माझ्या मार्गदर्शक सरांची सही होती. इतक्या शिस्तीत ठरलेला दुष्काळ महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरा नसावा.

मी मूळची वाशीमकडची. आमच्याकडे मे महिन्यात पापड वाळत घालायला गच्चीवर नेतात आणि खाली आणतात ते भाजूनच. कावळे दुपारी घरात येऊन माठाजवळ बसतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही, कारण हाकलायला उठण्याइतका जीव कोणात उरलेला नसतो. अशा मुलखातून मी पुण्याला आले ते कशासाठी? तर उन्हात आणि कोरड्यात पीक कसं तगतं, हे शिकायला. म्हणजे जिथं जरा ऊन तापलं की लोक एकमेकांना फोन करून 'काय हो हा उकाडा!' म्हणतात, तिथं.

ज्या संस्थेत मी पीएचडी करत होते तिथं जनुककुटुंबं वाटून दिली जात, लग्नघरात कामं वाटतात तशी. तू भाताचं घे, तू गव्हाचं घे, तू नाचणीचं. तू उशिरा आलीस, तुला ज्वारी. जनुककुटुंब म्हणजे काय ते सांगते, घाबरू नका. लाखो वर्षांपूर्वीचं एक जनुक. त्याच्या नकला होत गेल्या, नकलांच्या नकला झाल्या, प्रत्येकीनं थोडंथोडं आपलं निराळं वळण घेतलं. पण नाक सगळ्यांचं एकच, त्यावरून ओळखायचं. एवढ्या गोतावळ्यात काही राबतात, काही नुसते नावाला असतात आणि काही फक्त संकट आलं की उठतात. पाणी तुटलं, ऊन वाढलं, माती खारट झाली की हे उठणारे बाकीच्यांना हाका मारतात आणि मग झाड पानांची बारीक तोंडं मिटून घेतं, मुळं खाली सोडतं, तग धरतं.

यातला 'कोण उठतो आणि खरंच काय करतो' हा भाग अवघड. त्यामुळे तो कोणी करत नसे. सगळे संगणकावर बसून गोतावळा मोजत, त्याची रंगीत वंशावळ काढत, आणि शेवटी एक वाक्य लिहीत: 'या कुटुंबातील काही जनुकांची ताण सहन करण्यात भूमिका असू शकते.' असू शकते! या एका वाक्यावर आमची अख्खी इमारत उभी होती, सिमेंट नुसतं दाखवायला. असं तर माझ्या मावसआत्याचीही ताण सहन करण्यात भूमिका असू शकते.

माझ्या वाट्याला आलेल्या कुटुंबाचं नाव वर्की. घरी फोनवर सांगितलं, "आई, मी वर्कीवर काम करतेय." पलीकडे टीव्ही बंद झाला. मग आई दबक्या आवाजात म्हणाली, "केरळचा आहे का गं?" वर्की जनुकं आहेत, शंभराच्या आसपास आहेत आणि ज्वारीत राहतात, हे तिला पटवेपर्यंत माझा रिचार्ज संपला.

पण मला त्यातलं एक सापडलं होतं. मी त्याला सतरा नंबर म्हणायचे. माझं म्हणणं असं, की माती कोरडी पडायला लागली की पहिली हाक देणारा हाच. आमच्याकडच्या चिवट ज्वारीत तो लगेच जागा होतो आणि भरपूर पाणी पिऊन वाढलेल्या लाडावलेल्या वाणात उशिरा, सगळं हातचं गेल्यावर. हे सिद्ध झालं तर माझा प्रबंध. नाही झालं तर तो हिवाळा शेवटचा होता. त्यानंतर माझी नोंदणी रद्द होणार होती आणि इतकी वर्षं पुण्यात काय केलं या प्रश्नाला 'भूमिका असू शकते' एवढंच उत्तर माझ्याकडे उरणार होतं.

प्रयोग सोपा. दोन्ही ज्वाऱ्या कुंड्यांत वाढवायच्या, गुडघ्याएवढ्या झाल्या की पाणी तोडायचं आणि पानं तोडून आत कोण जागं, कोण झोपलंय ते बघायचं. त्यासाठी संस्थेत हरितगृह होतं. पण त्यात मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, खुर्च्यांवर जुने संगणक होते, आणि संगणकांमागे एक मांजर वर्षातून चार वेळा बाळंत होत असे. हरितगृहात सगळ्यात यशस्वी संशोधन तिचंच चालू होतं.

सर म्हणाले, "तुमच्याकडे गच्ची आहे ना?"

"माझ्याकडे खोली आहे, सर. गच्ची घरमालकांची आहे."

"मग विचारा. विज्ञानाला कोणी नाही म्हणत नाही."

सर सदाशिव पेठेत राहत नसत, हे इथं नोंदवून ठेवते.

माझे घरमालक म्हणजे काका-काकू. दोघंही सत्तरीपुढचे. काका निवृत्त गणित शिक्षक, जिन्यात भेटले की रोज एकच प्रश्न: "काय डॉक्टर, झालं का?" मी म्हणायची, "अजून नाही, काका." ते म्हणायचे, "असू दे, असू दे. घाई नको. पृथ्वी तरी कुठे एका दिवसात झाली." रोज. पहिल्या वर्षी हसू आलं, दुसऱ्या वर्षी रडू, नंतर मी जिना उतरताना पायताणं हातात घ्यायला लागले.

काकू वेगळ्या. त्या कमी बोलत आणि बोलल्या की माणूस दोन दिवस त्यावर विचार करत बसे. मी गच्चीचं विचारलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"ज्वारी? गच्चीवर?"

"हो काकू. कुंड्यांत. नुसता प्रयोग आहे."

"बरं. म्हैस कधी आणताय?"

पण हो म्हणाल्या. एकाच अटीवर: दाराशी त्यांच्या तुळशीचं वृंदावन होतं, त्याच्या आसपास काही ठेवायचं नाही. त्या तुळशीला काकांनाही हात लावायची परवानगी नव्हती. काका रोज आंघोळीनंतर सूर्याला अर्घ्य देत. अर्घ्याचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ते तुळशीत सोडत, आणि सोडताना मंत्राच्या नादात तांब्यावर तांबे सोडत. अशा प्रकारे दोन तुळशी त्यांनी मुळासकट कुजवल्या होत्या. तिसरी आली त्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, "हिला पाणी मी घालीन. तुम्ही सूर्याला वाट्टेल ते द्या, पण दुसरीकडे कुठेतरी." दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि हा संसारातला वाद समजून मीही विचारलं नाही.

कुंड्या आल्या. ज्वारी झकास उगवली. दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, आभाळ कोरडं ठणठणीत. पाणी तोडायच्या आदल्या दिवशी सर पाहणीला आले. मी दोन्ही वाणांच्या कुंड्या सरमिसळ ठेवल्या होत्या. तशाच ठेवायच्या असतात. गच्चीच्या एका कोपऱ्यात ऊन जास्त, दुसऱ्यात वारा जास्त, तो फरक सगळ्यांत वाटला जावा म्हणून. सरांनी मोबाइल काढला, डोळ्यासमोर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे फोटोत कळत नाही हो. कोणतं कुठलं?"

"पाट्या आहेत, सर."

"पाट्या कोण वाचतं? असं करा, चिवट सगळ्या पश्चिमेच्या कठड्याला, नाजूक सगळ्या पूर्वेच्या. दोन रांगा. बघताक्षणी डोळ्यात भरलं पाहिजे."

मी म्हटलं, अशानं प्रयोग बिघडतो. सर म्हणाले, "प्रयोग नंतर. आधी फोटो." शास्त्रज्ञ म्हणून सरांचं नाव मोठं का होतं, ते मला तेव्हा कळलं. मी कुंड्या हलवल्या. पूर्वेला नाजूक, पश्चिमेला चिवट.

आणि मग चमत्कार झाला.

पश्चिमेच्या रांगेनं पानांच्या सुरळ्या केल्या, खालची पानं पिवळी पाडली आणि आमच्याकडची माणसं बसतात तशी गप्प बसून राहिली. पूर्वेची लाडावलेली रांग मात्र बहरली. पाणी नाही, खत नाही, आणि रोज उठून बघावं तर ती कालच्यापेक्षा हिरवी! इतकी हिरवी, की शेजारच्या इमारतीतले पोपट येऊन बघून गेले. मी पानं तोडून द्रव नायट्रोजनच्या फ्लास्कमध्ये टाकायची आणि स्कूटरवरून प्रयोगशाळेत न्यायची. टिळक रोडच्या सिग्नलला फ्लास्कच्या झाकणातून पांढरा धूर निघायचा. एकदा वाहतूक पोलिसानं जवळ येऊन वास घेतला आणि विचारलं, "मॅडम, इडली का?"

प्रयोगशाळेत आणखी गंमत. पश्चिमेच्या चिवट रांगेत सतरा नंबर खडबडून जागा झालेला, यंत्रावरची रेघ नुसती वर. पूर्वेच्या रांगेत तो ढाराढूर झोपलेला. म्हणजे ज्याला जागं व्हायचंय तो घोरतोय आणि झाड तरी हिरवंगार! माझा सिद्धान्त सपाट. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. जिन्यात काका म्हणाले, "काय डॉक्टर, झालं का?" आणि मी पहिल्यांदाच म्हटलं, "बहुतेक होतच नाही, काका." ते थबकले. मग खूप विचार करून म्हणाले, "पृथ्वीचंही मधे असंच झालं होतं म्हणतात."

मला शंका होती. एकदा सकाळी पूर्वेच्या कुंडीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली. मी धावत सरांकडे गेले. संस्थेचं मातीची ओल मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. ते यंत्र खरेदी झाल्या दिवसापासून दुरुस्तीलाच होतं.

"सर, माती ओली आहे."

"दव असेल."

"सर, पश्चिमेला नाही. फक्त पूर्वेला दव पडेल?"

सरांचे डोळे चमकले. मला त्या चमकण्याची भीती वाटते. "अहो, म्हणजे मुळं! मुळं खालून पाणी ओढून वर आणतायत! असं होतं काही झाडांत."

"सर, खाली स्लॅब आहे."

"मग स्लॅबखाली?"

"काकूंचं स्वयंपाकघर."

"बघा! तिथली वाफ!"

काकूंच्या कुकरच्या वाफेवर ज्वारी तगते, हा शोध जगात पहिलाच. सरांनी तो तसा मांडला नाही, पण त्यांनी जे मांडलं ते याहून फार शहाणं नव्हतं. पूर्वेच्या रांगेत नऊ नंबरचं जनुक जोरात दिसत होतं. सर म्हणाले, दुष्काळात सतरा नव्हे, नऊ! सतरा म्हणजे नुसता आरडाओरडा करणारा. खरा कर्तबगार नऊ, न बोलता झाड वाचवतो. संस्थेच्या सभागृहात त्यांनी भाषण दिलं. पडद्यावर दोन रांगांचा फोटो. खरंच, बघताक्षणी डोळ्यात भरत होता. टाळ्या पडल्या. नाचणीवाला पुटपुटला, "माझ्याही कुटुंबात एक नऊ नंबर आहे," आणि उठून निघून गेला, बहुधा लगेच लिहायला.

मला मात्र माझ्याच प्रबंधातून माझाच सतरा नंबर काढून टाकायला सांगण्यात आलं. मी नाही म्हटलं. सर म्हणाले, मग समितीला सांगा, तीच ठरवेल. समिती म्हणजे बाहेरून येणाऱ्या एक तज्ज्ञ बाई आणि मान हलवणारे दोघे. बाईंचा दरारा असा, की त्या येणार म्हटल्यावर हरितगृहातल्या मांजरीनंही पिलं हलवली. बाईंनी कागद चाळले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कुंड्या कुठे आहेत? उद्या सकाळी लवकर बघते, मग मला गाडी आहे."

म्हणून दुसऱ्या दिवशी सूर्य अजून शेजारच्या पाण्याच्या टाकीमागून वर यायचा होता तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर: बाई, मान हलवणारे दोघे, स्वेटरवर कोट घातलेले सर आणि कुंड्यांवरच्या पाट्या सरळ करणारी मी. सतरा नंबर राहणार की जाणार, म्हणजे मी राहणार की वाशीमला जाणार, ते आता ठरायचं होतं.

सरांनी पूर्वेच्या रांगेकडे हात केला. "मॅडम, पाणी तोडल्यापासून या झाडांनी पाण्याचा थेंबही पाहिलेला नाही."

दोघांनी मान हलवली.

तेवढ्यात गच्चीचं दार करकरलं. काका आले. पंचा नेसलेले, खांद्यावर उपरणं, दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेले तांबे, डोळे अर्धे मिटलेले. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते सरळ पूर्वेच्या कठड्याशी गेले, सूर्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात मंत्र म्हणत पहिला तांब्या पहिल्या कुंडीत रिता केला. मग दुसरा घेतला आणि रांगेतल्या बाकीच्या कुंड्यांत थोडंथोडं, कोणाला कमी-जास्त न करता, वाढपी पंगतीत आमटी वाढतो तसं. शेवटच्या कुंडीशी थांबून एका पानावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पी बाळा."

सरांचा हात अजून तसाच वर होता.

काकांनी डोळे उघडले. "आपण कोण?"

सर म्हणाले, "आम्ही... दुष्काळावर संशोधन करतो."

"मग इथे कशाला आलात?"

बाई पुढे झाल्या. कुंडीतल्या चिखलात बोट घातलं, बोटाकडे पाहिलं. "आपण रोज पाणी घालता?"

"रोज. तुळस बंद, म्हणून या कुंड्या इथे आल्यापासून यांनाच." काकांनी जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "घरात सांगू नका. पहिला तांब्या देवाचा. दुसरा या लेकरांचा. या डॉक्टरबाई वनस्पतींचं शिक्षण घेतात आणि घोटभर पाणी घालत नाहीत, डोळ्यांनी बघवेना."

"आणि त्या पलीकडच्या रांगेला का नाही घालत?"

काकांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पाढे चुकवले. "ती पश्चिमेला आहे. अर्घ्य देऊन झाल्यावर सूर्याकडे पाठ करायची?"

बाईंना हे पटलं. मला वाटतं त्या संपूर्ण प्रयोगात त्यांना पटलेलं पहिलं कारण तेच. त्या माझ्याकडे वळल्या. "या ओल्या रांगेत तुमचा सतरा काय करत होता?"

"झोपला होता."

"आणि त्या कोरड्या रांगेत?"

"पहिल्या हाकेला उठला."

"मग तो बरोबरच सांगत होता की. इथे पाणी आहे, तिथे नाही. संस्थेत तुमच्या त्या एकट्या जनुकालाच काय चाललंय ते ठाऊक होतं." त्यांनी बोट रुमालाला पुसलं. "आणि नऊ नंबर, मला विचाराल तर, भरल्या पोटी वाढत असल्याचं सांगतोय."

सर सावरले. ते नेहमी सावरतात; त्यांच्यात ते जनुक फार जोरात आहे. "मॅडम, विज्ञान स्वतःला सुधारत असतं."

"विज्ञान सुधारेल हो," बाई म्हणाल्या. दोघांनी मान हलवली आणि मग आपण कशाला मान हलवली ते कळून थांबले.

सर मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. खाली उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "असं लिहून टाकू, पूर्वेची रांग म्हणजे मुद्दाम पाणी दिलेला गट. काम झालं!" मी म्हटलं, मुद्दाम कोणी दिलं नाही, किती दिलं ते माहीत नाही, आणि दोन रांगांत दोन वेगळे वाण आहेत, हे लिहिलं तर मी आणि सतरा नंबर दोघंही खोटे पडू. बाई दोन पायऱ्या पुढे होत्या, पण त्यांचे कान तीन मजल्यांचे होते. वळल्या आणि मला म्हणाल्या, "एक हंगाम वाढवून देते. परत करा. कुंड्या सरमिसळ. ओल रोज कुंड्यांच्या वजनावरून मोजा. आणि फोटो कोणी काढायला आला तर मला कळवा."

परत केलं. दोन्ही वाण, सगळ्या कुंड्या पूर्वेलाच, सरमिसळ. निम्म्या कोरड्या ठेवायच्या, निम्म्यांना लाल दोरा बांधायचा आणि फक्त त्यांनाच पाणी. ते पाणी घालायचं काम मी काकांना दिलं, कारण दिलं नसतं तरी त्यांनी घातलंच असतं. पण तांब्याला आवर कोण घालणार? त्यासाठी मी जगातली सगळ्यात अनुभवी व्यक्ती नेमली. काकांचं गुपित तोवर फुटलंच होतं. काकू रोज सकाळी मोजपात्र घेऊन शेजारी उभ्या राहायच्या. काका मंत्र म्हणायचे, पाणी पात्रात यायचं आणि खुणेपर्यंत आलं की काकू म्हणायच्या, "पुरे." सूर्य बिचारा त्या हंगामात मापात पाणी प्यायला. एकदा काकांनी बिनदोऱ्याच्या कुंडीकडे नुसतं प्रेमानं पाहिलं, तर काकू म्हणाल्या, "तिकडे बघूसुद्धा नका. तुमची नजरही ओली आहे."

त्या हंगामात सतरा नंबरनं मान राखला. लाल दोऱ्याच्या कुंड्यांत गाढ झोपला. कोरड्या कुंड्यांत उठला. आमच्याकडच्या ज्वारीत आधी, लाडावलेल्या वाणात आळोखेपिळोखे देत मागाहून. प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा झाली, सरांनी सभागृहात नवीन भाषण दिलं. त्यात ते म्हणाले, सतरा नंबरवर आपला पहिल्यापासून विश्वास होता. टाळ्या पुन्हा पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचीही ताण सहन करण्यात भूमिका असू शकते.

निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन जिना चढले. पायताणं पायात, चांगली वाजवत. काका दारातच उभे.

"काय डॉक्टर, झालं का?"

"झालं, काका."

त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि चघळता चघळता त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. इतकी वर्षं चाललेलं काहीतरी संपलं होतं.

"म्हणजे आता," ते म्हणाले, "रोज सकाळी विचारायचं काय?"

आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला. "विचारा की, तुळशीला पाणी घालू का म्हणून. उत्तर तेच आहे."